धावदोरा

तक्ता भिंतीवर लागला तेव्हा मी चौदा सी च्या कव्हरला
टाके घालत होते.
दिल्लीहून आलेला मुलगा, शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नाही,
लाल ठिपका फिरवत सांगत होता:
हा मधला चौकोन म्हणजे गाभा.
विमानं, वैमानिक, तिकिटं.
शिप्रा एअर आता एवढीच.
बाकी सगळे स्वतंत्र व्यवसाय,
जेवणाचा, मालाचा, शिड्या आणि बॅगांचा,
आणि खाली कोपऱ्यात, बिजासन टेकडीच्या अंगाला, आम्ही.
शिप्रा इंटिरिअर्स प्रायव्हेट लिमिटेड.
सात मशिनी, अकरा बायका,
आणि रेक्झिन कापणारे बुळेकाका.

गाभ्यापासून आमच्यापर्यंत टिंबाटिंबांची रेघ होती.
बुळेकाका हळूच म्हणाले, म्हणजे आपण सभामंडपात.
कुंदा म्हणाली, चपला सांभाळायला.
मी काही बोलले नाही. रेघ बघत होते.
असली रेघ मी रोज घालते.
कापड सरकू नये म्हणून धावदोरा,
आणि पक्की शिलाई बसली
की एका टोकाला धरून ओढून टाकायचा.

स्वतंत्र म्हणजे काय हो, इंदूने विचारलं.
म्हणजे तुम्ही आता कुणाचंही काम घेऊ शकता, तो म्हणाला.
आम्हीही कुणालाही देऊ शकतो,
हे त्याने पाणी पिता पिता सांगितलं.

घेतलं की मग. खोटं कशाला बोलू.
उज्जैनच्या बसवाल्याच्या चाळीस सीटा,
पलासियातल्या दातांच्या डॉक्टरची खुर्ची,
आणि दिवाळीनंतर चक्क दुसऱ्या विमानवाल्यांची निळी कव्हरं.
त्यांचंही तिथेच फाटतं,
हात टेकायच्या जागेखाली, आतल्या बाजूला,
विमान टेकताना माणसं जिथे धरून बसतात.
पैसे वेळेवर आले. गाभ्याचे मात्र साठ दिवसांनी.
वर्षाची दोन फुकट तिकिटं गाभ्यातच राहिली.
मी एकदाही वापरली नव्हती,
तरी घरी जाऊन भांडी जरा जोरात घासली.

मार्चमध्ये एकवीस एफ च्या फटीत बोट घातलं
तर पुडी निघाली.
बोर्डिंग पासच्या तुकड्यात गुंडाळलेला
दुधाचा दात.

पूर्वी असलं काही सापडलं
की पॅसेज ओलांडून मुळ्यांच्या टेबलावर ठेवायचं
आणि चहा पिऊन परत यायचं.
आता पॅसेजमध्ये दरवाजा आहे,
माझं कार्ड केशरी, दरवाजा हिरव्यांचा.
फोन केला.
मुळ्ये म्हणाले, असं बघा, सीट गाभ्याची,
पण विमान झाडलं ग्राउंडवाल्यांनी,
आणि सापडलं तुमच्या आवारात.
तुम्ही चलन करा, ते सही करतील, मग आम्ही घेऊ.
किंमत काय घालताय?
मी म्हटलं, अहो, दात आहे.
ते म्हणाले, कळलं हो. पण रकाना आहे.
आवाज पडलेला होता त्यांचा.
बावीस वर्षं एका डब्यातून जेवलोय आम्ही.

आठ दिवस दात माझ्या बटणांच्या डबीत राहिला.
कुठल्या तरी पोराने जपून नेला असणार,
गावी जाऊन कौलावर टाकायला.
कौल आता कुठे असतं कोण जाणे.
नवव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
शेडमागे जाऊन पाठमोरी उभी राहिले,
उंदराला सांगायचं ते सांगितलं
आणि टाकला पत्र्यावर.
टण्.

बुळेकाका बिडी विझवत म्हणाले,
ते छप्पर आपलं नाही हं.
छप्पर मालमत्तावाल्या कंपनीचं,
आपलं फक्त खालचं भाडं.

इतक्यात तीन चाळीसचं विमान डोक्यावरून गेलं,
पोट दाखवत, हैदराबादकडे.
आणि आत्ता मला आठवलं,
तक्ता लागला त्या दिवशीचं कव्हर,
चौदा सी,
त्याचा धावदोरा ओढायचा राहिलाय.